जोते, सारवण आणि पागोळ्या : मालवण किनाऱ्यावरच्या ओलीचा इतिहास

मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातले जुने कौलारू घर दिसले की नजर आधी छपराकडे जाते. कौले, मागे माड, कौलांतून झिरपणारा चुलीचा धूर. छायाचित्राला एवढे पुरते. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या घराचा सर्वांत बोलका भाग खाली असतो. चिऱ्यांनी बांधलेला, कधी गुडघ्याएवढा तर कधी कमरेएवढा उंच असा तो चौथरा, ज्याला जोते म्हणतात. आजचा धागा या जोत्याविषयी, त्यावरच्या शेणाने सारवलेल्या जमिनीविषयी, आणि ज्या शत्रूसाठी हा सारा बंदोबस्त उभा राहिला त्या ओलीविषयी.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पुण्याच्या साधारण चौपट, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा मुलखात ओल घरात चार वाटांनी शिरते. छपरातून गळून येते, वाऱ्याबरोबर झडीने भिंतींवर आदळते, जमिनीतून भिंतीत चढते, आणि चौथी वाट म्हणजे खुद्द हवा. पहिल्या तीन वाटा डोळ्यांना दिसतात. चौथी दिसत नाही, म्हणून ती फसवी. तिने अमेरिकेतल्या अभियंत्यांनाही अर्धे शतक चकवले. ती हकीकत पुढे येईल.

जुन्या कोकणी घराने यांपैकी एकही वाट कायमची बुजवली नव्हती. तसे करण्याचे साधनच त्याच्यापाशी नव्हते. त्याऐवजी वर्षाचे, आठवड्याचे, दिवसाचे एक वेळापत्रक होते आणि ते पाळणारी माणसे होती. घर टिकले ते चिऱ्यांमुळे, सागामुळे, चुन्यामुळे, असे आपण सहज म्हणतो. या धाग्याचे म्हणणे थोडे वेगळे आहे. घर टिकले ते त्यात रोज कोणीतरी राहत होते म्हणून.

सुरुवात दगडापासून करू. चिरा म्हणजे जांभ्या दगडाचा घडीव ठोकळा. या दगडाला ‘लॅटराइट’ हे इंग्रजी नाव मिळाले ते फ्रान्सिस बुकानन या कंपनी सरकारच्या डॉक्टरमुळे. मलबारातील अंगाडिपुरमजवळ त्याने लोकांना हा दगड कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापताना पाहिले. खाणीत असताना मऊ, हवेत आला की विटेसारखा कठीण. म्हणून विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याने नाव सुचवले, आणि १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवृत्तांतातून ते जगभर गेले. चिरेखाणीवर राबणाऱ्या कोकणी माणसाला यातले काहीच नवे नव्हते. ओला असतानाच चिरा काढायचा, तासायचा आणि मग उन्हात तापू द्यायचा, हे त्याचे रोजचे काम होते.

चिऱ्याचा दुसरा गुण बुकाननला तितकासा महत्त्वाचा वाटला नसावा, पण आपल्याला हवा आहे. जांभा सच्छिद्र असतो. हातात घेऊन पाहा, मधाच्या पोळ्यासारखी भोके दिसतात. तो पाणी पितो आणि ऊन पडले की सोडतो. म्हणजे चिऱ्याची भिंत पाण्याला अडवणारी नव्हे. ती पावसाळ्यात भिजणार, हे गृहीत धरूनच बांधलेली असते. शरद ऋतूत तिला सुकता आले पाहिजे, एवढीच तिची अट. ही अट लक्षात ठेवू. विसाव्या शतकात ती मोडली गेली आणि त्याची किंमत आजही मोजली जात आहे.

आता जोत्याच्या पोटात शिरू. बाहेरच्या चारही बाजू चिऱ्यांच्या, आत भराव. तळाशी चिऱ्यांचे तुकडे आणि दगडगोटे, त्यावर मुरूम, वर तांबडी माती. प्रत्येक थरावर पाणी मारून तो चोपण्याने चोपून बसवायचा. तळाचे दगडगोटे केवळ स्वस्त म्हणून टाकलेले नसत. दिव्याच्या वातीत तेल चढते तसे बारीक छिद्रांतून पाणी वर चढते. छिद्र जितके बारीक तितकी चढण जास्त. ढोबळ दगडांमधल्या मोठ्या फटींतून ते चढूच शकत नाही. खालच्या ओल्या मातीची आणि वरच्या जमिनीची संगत तोडणारा हा थर होता. लाकडी खांबाखाली ठेवलेला तळखडा हेच काम करतो. खांब थेट मातीत पुरला तर तळाशी कुजतो, वाळवी लागते. घडीव दगडावर उभा केला तर पिढ्यान्‌पिढ्या राहतो.

मग पाया इतका उंच करायचा होता तर पोकळच का ठेवला नाही? प्रश्न रास्त आहे. आसामात मिसिंग लोकांची चांगघरे खांबांवर उभी असतात आणि खालून वारा जातो. पण तिथे भीती ब्रह्मपुत्रेच्या पुराची. कोकणात घर बहुधा डोंगरउतारावर किंवा जरा चढाच्या जागी बसलेले, पाणी पडले की व्हाळाकडे धावणारे. इथे पुरापेक्षा झिरपणारे पाणी आणि वाळवी यांचा घोर मोठा. पोकळ पायावर फळ्यांची जमीन लागते आणि फळ्या म्हणजे वाळवीला आमंत्रण. भरीव जोते हे त्यावरचे उत्तर होते.

हेच उत्तर अमेरिकेने निवडले नाही. तिथल्या लाकडी सांगाड्याच्या असंख्य घरांखाली जमीन आणि तक्तपोशी यांच्यामध्ये दोन-तीन फुटांची पोकळी असते. माणूस रांगत जाईल एवढीच, म्हणून तिचे नावच रांगण्यावरून पडले आहे. खालच्या उघड्या मातीतून ओल येते, फळ्या कुजतात, बुरशी धरते. यावर शहाणपणाचा वाटणारा उपाय निघाला : पायाच्या भिंतींना झरोके ठेवा, वारा खेळू द्या, ओल निघून जाईल. १९४० च्या दशकात सरकारी गृहकर्जाच्या बांधकाम-नियमांत झरोक्यांचे प्रमाण ठरवून दिले गेले आणि देशभर तेच चालू लागले. इलिनॉय विद्यापीठातील इमारत-संशोधक विल्यम रोझ यांनी १९९० च्या दशकात या नियमांचा माग काढला, तेव्हा त्या आकड्यांमागे प्रत्यक्ष मोजमापाचा आधार फारच तोकडा असल्याचे दिसले.

चूक कुठे होती? आपल्या चौथ्या वाटेवर. उन्हाळ्यात अमेरिकेच्या आग्नेय राज्यांत हवा उष्ण आणि दमट असते, घराखालची माती मात्र थंड. झरोक्यातून आत आलेली दमट हवा थंड पृष्ठभागाला लागली की तिच्यातली वाफ पाणी होऊन साचते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसेच. ओल बाहेर जावी म्हणून ठेवलेले झरोके ओल आत आणत होते. आज तिकडचे घरमालक स्वतः गुडघे टेकून त्या पोकळीत शिरतात, मातीवर जाड पॉलिथिन अंथरतात, त्याच्या कडा भिंतींवर चढवून चिकटवतात, झरोके बंद करतात आणि आत हवा कोरडी करणारे यंत्र बसवतात. पॉलिथिनचा शोध १९३३ चा, तोही एका फसलेल्या प्रयोगातून लागलेला. म्हणजे हा उपाय त्याआधी कोणाला सुचला असता तरी साधन हाती नव्हते.

मालवणात पॉलिथिन नव्हते, यंत्र नव्हते आणि हवा तर अमेरिकेहून दमट. श्रावणातल्या एखाद्या दिवशी तापमान २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी धरते. ज्यांच्या घरात गुळगुळीत फरशी आहे त्यांनी हे अनुभवले आहे. पाऊस थांबून दमट हवा आत शिरली की फरशीला घाम सुटतो, पाय घसरतात, पुसून पुसून हात दुखतात. सारवलेल्या जमिनीला असा घाम दिसत नाही, कारण ती वाफ पिऊन टाकते आणि हवा कोरडी होताच परत देते. शेणातले अर्धवट पचलेले गवताचे धागे माती धरून ठेवतात, भेगा बुजवतात, धूळ बसवतात. (शेणाने किरणोत्सर्ग थांबतो वगैरे गप्पा मोबाइलवरून फिरत असतात, त्यांची इथे गरज नाही. जे खरेच घडते तेच पुरेसे नवलाचे आहे.)

पण अशी जमीन झिजते. पायांनी, पाटापाण्याने, केरसुणीने. म्हणून ती ठरावीक दिवसांनी सारवावी लागते आणि सणावाराला हमखास. शेण गोळा करायचे, कालवायचे, काही घरी त्यात कोळशाची पूड मिसळून काळा रंग आणायचा आणि कमरेत वाकून हाताने अर्धवर्तुळे काढत मागे मागे सरकत जायचे. पावसाळा सरला की अंगणातल्या खळ्याचीही तीच गत. चार महिन्यांत धुपलेली माती पुन्हा घालून, चोपून, सारवून खळा नवा करायचा. हे काम जवळजवळ संपूर्णपणे बायकांचे होते. वास्तुकलेच्या पुस्तकांत गवंड्यांची आणि सुतारांची तरी जातकुळी नोंदलेली सापडते. ज्या हातांनी ही जमीन शेकडो वेळा नव्याने घडवली ते हात कोणत्याच नोंदीत नाहीत. कोकणी घराच्या ओलीचा इतिहास लिहायचा तर तो मुख्यतः बायकांच्या श्रमांचा इतिहास ठरेल, असे म्हणणे अतिशयोक्ती होणार नाही.

पुरुषांचे काम छपरावर. वैशाखात शाकारणी. गवताचे छप्पर असेल तर नवे गवत, नळ्यांचे असेल तर सरकलेले नळे बसवणे, फुटलेले बदलणे, कुजलेली रीप काढणे. वाडीतली माणसे एकमेकांच्या घरी पाळीपाळीने राबत, कारण पहिला पाऊस सगळ्यांवर एकाच दिवशी येणार असे. पश्चिमेकडच्या आणि नैर्ऋत्येकडच्या बाजूंना, जिथे झड थेट मारते, तिथे नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधली जात. चार महिने घर जणू इरले पांघरून बसे. दिवाळीच्या आसपास झापे उतरली की भिंतींना पुन्हा ऊन मिळे. हाही वेळापत्रकाचाच भाग, झाकणे जितके महत्त्वाचे तितकेच उघडणे.

छपराची वळचण भिंतीपासून बरीच बाहेर काढलेली असते. का, ते पागोळ्या पाहिल्या की कळते. वळचणीवरून पडणारे पाणी जोत्यापासून लांब एका सरळ रेषेत मातीवर पडते, तिथे ओळीने खळगे होतात, आणि त्या रेषेशी समांतर खणलेला चर ते पाणी वाहून नेतो. पावसाआधी हा चर साफ करणे हे काम दिसायला क्षुल्लक. तो गाळाने भरला तर पागोळ्यांचे पाणी उलटून जोत्याच्या मुळाशी मुरते, आणि मग वरचे कोणतेही कौशल्य उपयोगी पडत नाही. पडवी हीदेखील याच व्यवस्थेतली. ती बसण्या-उठण्याची जागा खरी, पण तिच्यामुळे माजघराच्या भिंती पावसापासून एक खोली आत सरकतात.

छपराच्या इतिहासात एक मोठे वळण दक्षिणेतून आले. बासेल मिशनच्या जर्मन-स्विस मिशनऱ्यांनी १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. साच्यात दाबलेली, एकमेकींत खाचेने अडकणारी ही सपाट कौले समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर पसरली आणि ‘मंगळुरी कौले’ हे नाव मराठीत कायमचे रुजले. हातघडणीच्या नळ्यांपेक्षा ती कमी सरकत, कमी फुटत, माकडांनी नाचून केलेली नासधूसही जरा कमी. शाकारणीचे श्रम घटले. घर सांभाळायला लागणारी माणसे थोडी कमी झाली तरी चालेल, अशी स्थिती प्रथमच निर्माण झाली. नेमक्या त्याच काळात माणसे कमी होऊ लागली होती, पण त्याआधी चुन्याबद्दल थोडे.

किनाऱ्यावर चुनखडीऐवजी शिंपल्यांपासून चुना करीत. शिंपले भट्टीत भाजायचे, पाण्याने विरवायचे, वाळू घालून घाणीत मळायचे. घाणी म्हणजे गोल चर आणि त्यात बैलाने फिरवलेले दगडी चाक. हा चुना हवेतला कर्बवायू शोषून हळूहळू पुन्हा दगड होतो, तरी सच्छिद्र राहतो. चिऱ्याच्या भिंतीला तो शोभतो, कारण दोघांचा स्वभाव एक. भिजणे आणि सुकणे दोघे मिळून करतात.

मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले आणि १६६७ मध्ये तो उभा राहिला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झालेल्या या कामात पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे परंपरेने सांगितले जाते. (पुढे दोनशे वर्षांनी इंग्लंडात घरांच्या भिंतीत ओल चढू नये म्हणून जे थर घालत, त्यांत शिशाचा पत्राही असे. दोन्हींचा हेतू वेगळा, संबंध काही नाही, पण धातू तोच.) किल्ल्यात चुन्यात उमटलेले शिवाजी महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे दाखवले जातात, आणि त्यांच्यावर छोट्या घुमट्या आहेत. साडेतीन शतके खाऱ्या वाऱ्यात चुना टिकू शकतो, पण डोक्यावर छत्र हवे.

छत्र नसल्यावर काय होते ते पाहायचे तर वेंगुर्ल्याला जावे. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६३७ च्या सुमारास इथे वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायची आणि मिरीचा व्यापार साधायचा, असे दुहेरी ठाणे. आज तिथे छप्पर हरवलेल्या जांभ्या दगडाच्या भिंती उभ्या आहेत, त्यांत झाडांची मुळे शिरली आहेत. त्या भिंतींचा घात पायथ्याच्या ओलीने केलेला नाही, वरून उघड्या पडल्याने केला आहे. छप्पर गेले की भिंतीच्या माथ्यावरून पाणी आत उतरते आणि मधला चुना धुऊन नेते.

या साऱ्याला चुलीची जोड होती. जुन्या घराला धुरांडे नसे. धूर माळ्यावरून वाशांना लागून कौलांच्या फटींतून बाहेर पडे. त्या धुराने लाकूड काळे पडे, कोरडे राही, भिरूड आणि वाळवी दूर राही. चुलीवरच्या माळ्यावर पावसाळ्यातली लाकडे, बियाणे, सुकी मासळी टिके. घराच्या मधोमध दिवसातून काही तास जळणारी आग म्हणजे आजच्या भाषेत हवा कोरडी करणारे यंत्रच. तिची किंमत वीज कंपनीला द्यावी लागत नव्हती. ती चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी दिली. जुन्या घरांबद्दल हळवे होताना हे विसरले जाते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. उंच चिरेबंदी जोते हे ऐपतीचे माप होते. गावातली बरीच माणसे कुडाच्या भिंतींच्या, गवताने शाकारलेल्या, जेमतेम वीतभर उंच जमिनीच्या घरात राहत. कूड म्हणजे काठ्या किंवा कामट्या विणून त्यावर शेणमाती लिंपलेली भिंत. ती दर पावसाळ्यात खालून विरघळे आणि दरवर्षी नव्याने लिंपावी लागे. त्या घरांतली ओल कोणत्याही शास्त्राने आटोक्यात नव्हती. ‘आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ हे वाक्य म्हणून जपून वापरावे. ठाऊक असणे आणि परवडणे यांत जोत्याएवढे अंतर होते.

आता माणसांकडे. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभे राहिले. त्या गिरण्यांना सर्वाधिक मनुष्यबळ पुरवणाऱ्या मुलखांत रत्नागिरी जिल्हा अग्रभागी होता. मालवण आणि देवगड तेव्हा त्याच जिल्ह्यात. सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला. पुरुष मुंबईला गेले, खोलीत दहा-दहा जण राहून खानावळीत जेवले, आणि बायका-मुले गावी राहिली. या व्यवस्थेवर अर्थशास्त्राच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले आहे. घराच्या अंगाने पाहिले तर तिचा अर्थ असा : गिरणीच्या पगारावर मंगळुरी कौले आली, मातीच्या जागी चिरे आले, आणि सारवण, चूल, चर या गोष्टी गावी राहिलेल्या बायकांनी चालू ठेवल्या. शाकारणी चाकरमान्याच्या उन्हाळी रजेत बसवली गेली. वेळापत्रक ताणले गेले, पण तुटले नाही.

तुटले ते नंतर, कुटुंबेच्या कुटुंबे शहरात गेली तेव्हा. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती, २०११ मध्ये ती ८,४९,६५१ भरली. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया हा त्याच जनगणनेतला आकडाही कोण गेले आणि कोण राहिले ते सांगतो. राहिलेल्यांत म्हातारी माणसे पुष्कळ. वाकून माजघर सारवणे सत्तरीच्या गुडघ्यांना झेपत नाही. म्हणून फरशी आली, आणि ती आणणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार शहरात राहून जुन्या घरांची छायाचित्रे पसरवणाऱ्यांना नाही.

ज्या घरात कोणीच उरले नाही त्याची अवस्था निराळी. घरात दिवा लागत नाही, असे गावात म्हणतात. चूल पेटत नाही म्हणून वासे ओले राहतात. दारे-खिडक्या बंद म्हणून आत शिरलेली वाफ बाहेर जात नाही. एखादे कौल सरकले तर ते कोणाच्या लक्षात येत नाही. त्या एका फटीतून एका पावसाळ्यात तुळईचे टोक भिजते, पुढच्या पावसाळ्यात वाळवी तिथे पोहोचते, आणि काही वर्षांत आढे बसते. गणपतीला चाकरमानी येतात, कुलूप काढतात, भिंतींना घाईने रंग देतात, माटवी बांधतात, दहा-बारा दिवस घर पुन्हा तापते. मग कुलूप. भाद्रपदातले ते दिवस म्हणजे पावसाळ्याची अखेर, भिंती पाण्याने भरलेल्या. त्यांवर त्याच आठवड्यात चढवलेला तेलकट रंग दिवाळीपूर्वी पापुद्र्यांनी सुटतो, ते उगाच नाही.

इथे सिमेंट येते. भारतात पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. कोकणातल्या सामान्य घरापर्यंत ते स्वातंत्र्यानंतरच पोहोचले. सिमेंट वाईट नाही. चुकीच्या सोबत्याशी जोडले गेले की मात्र ते घातक ठरते. चिऱ्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला की झडीचे पाणी अडेल, असा हिशेब असतो. पण जोत्यातून चढणारी ओल आणि गिलाव्याच्या बारीक तड्यांतून शिरलेले पाणी आत कोंडले जाते. पूर्वी ते चुन्यातून सहज बाहेर पडे. आता ते आणखी वर चढते, आतल्या बाजूने बाहेर येते आणि आपल्याबरोबर क्षार आणते. किनाऱ्यावरची वाळू वापरली असेल तर मीठ त्यातच असते. हे क्षार सुकताना स्फटिक बनून फुगतात, गिलावा फोडतात, भिंतीवर पांढरी भुकटी येते. यालाच भिंतीला लोणा लागणे म्हणतात. घरमालक लोणा खरवडून पुन्हा सिमेंट लावतो, आणि पुढच्या वर्षी लोणा हातभर वर सरकलेला दिसतो.

स्लॅबची गोष्टही अशीच. कौलांची कटकट नको म्हणून सपाट छताचे घर बांधले जाते. ३,००० मिलिमीटर पावसाला सपाट छत म्हणजे तळे. काही वर्षांत ते झिरपू लागते आणि मग त्याच्यावर लोखंडी खांब रोवून पत्र्याचे उतरते छप्पर चढवले जाते. कोकणातून फिरताना अशी घरे जागोजाग दिसतात : खाली आधुनिक स्लॅब, वर पुन्हा तेच दुपाखी छप्पर, फक्त पत्र्याचे आणि वळचण आखूड केलेले. झापांची जागा निळ्या प्लास्टिकने घेतली. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेले आणि किती तरी घरांची कौले-पत्रे उडाली, तेव्हा पावसाच्या तोंडावर अनेकांना प्लास्टिकच धावून आले. त्याखाली हवा खेळत नाही हे खरे, पण जून महिना दारात उभा असताना झापे विणणार कोण आणि कोणाकडून?

जुने घर दुरुस्त करायला निघालेल्या तरुणांसाठी या इतिहासातून निघणारा क्रम बहुतेक उलट आहे. सगळे भिंतीच्या डागापासून सुरुवात करतात. डाग हा तर शेवटचा टप्पा. आधी छपराची फुटकी कौले, मग पागोळ्या कुठे पडतात ते, मग चर मोकळा आहे का, मग जोत्याभोवतालची माती वाढून चिऱ्यांच्या पहिल्या थरावर चढली आहे का. जोत्याला लागून सिमेंटचा कोबा घातला असेल आणि त्याचा उतार घराकडे असेल, तर ओलीचे मूळ तिथेच सापडते. एवढे निस्तरल्यावर भिंतीला निदान एक पूर्ण उन्हाळा सुकू द्यावा आणि मगच सिमेंट काढून चुन्याचा विचार करावा. पॉलिथिन अंथरायचेच असेल तर ते नव्या फरशीखाली, आणि तेव्हाही अडवलेली ओल कडेच्या भिंतींकडे वळणार हे धरून चालावे, कारण भरीव जोत्यात तिला जायला दुसरी जागा नाही.

एक वाट मात्र घरमालकाच्या हातात उरलेली नाही. जुन्या बाजारपेठांतले रस्ते दर डांबरीकरणात थोडे उंच होत गेले आहेत. जोते जागच्या जागी राहते. ज्या ओटीवर चढायला पूर्वी तीन पायऱ्या लागत, तिथे आता कित्येक ठिकाणी एक उरली आहे, आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला रस्त्यावरचे पाणी ती एक पायरी सहज चढते.